शिशातला अंगठा

१

थोरल्याचं वागणं माईच्या डोळ्यांत खुपायला लागलं ते नळावरून.

कामावरून आला की हा घरात पाऊल न टाकता आधी मागच्या अंगणात. बाहेरच्या नळाखाली कोपरापर्यंत हात घासायचा, अंगातले कपडे तिथेच बादलीत बुडवायचा, स्वतः धुवायचा, स्वतः पिळायचा आणि दोरीच्या पार टोकाला, बाकीच्या कपड्यांपासून हातभर लांब वाळत टाकायचा. घरात आई, घरात बायको, धुवायचं मशीनसुद्धा घरात. आणि हा पठ्ठ्या अंगणात उघडाबंब बसून साबण खरवडतोय. माईनं हटकलं तर म्हणाला, कामाची घाण घरात कशाला.

"तुझा बाप काय अत्तराच्या कारखान्यात होता?" माई म्हणाली. "त्याच घाणीचे कपडे मी जन्मभर धुतले. माझे हात झडले नाहीत."

यावर तो पूर्वी हसला असता. आता नुसता नळ आणखी मोठा सोडला.

माईनं मनाशी निकाल लावून टाकला. कंपनीत केबलचे जोड करणारा मोठा जॉइंटर झाला, हाताखाली माणसं आली, आता याला घरच्यांच्या हातचं धुणं चालेना. नाकापेक्षा मोती जड.

त्यात घरात चोरी व्हायला लागली होती. चोरी म्हणजे काय, तर माईच्या भेगाळलेल्या टाचांना लावायची चरबी. खिडकीतल्या वाटीतून कोण तरी बोटं भरभरून नेत होतं. माईनं सुनेवर डोळे ठेवले. थोरल्याची बायको गरीब गाय, पण गरीब गाईच्याही टाचा फुटतात.

एरवी या दोन तक्रारींवर माईचा महिना मजेत गेला असता. पण घरावर मोठं बालंट आलं होतं, आणि ते धाकट्यावर होतं.

या घराचं पोट केबलवर चालत आलेलं. जमिनीखालून शहराला वीज आणणारी जुनी केबल मांडीएवढी जाड. वरून शिशाचं कवच, पोटात पाण्यासारखं पातळ तेल. ते तेल कायम दाबाखाली ठेवावं लागतं. दाब उतरला आणि आत हवा शिरली की केबल फुटलीच म्हणायची. आणि तिच्यावर अर्धं शहर अन् मोठं हॉस्पिटल. जिथे केबलचे दोन तुकडे जोडायचे तिथे शिशावर मऊ धातू वितळवून ओतायचा, आणि तो थिजायच्या आत चरबी लावलेल्या जाड कापडानं हातानं फिरवून गोल करायचा. यात माईच्या नवऱ्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो जाऊनही बरीच वर्षं झाली, पण माईचं एक वाक्य अजून गल्लीत पाठ होतं: "यांचा जोड कधी गळला नाही." लग्नात, बारशात, दुकानाच्या रांगेत, कुठेही ती ते वाक्य काढायची. नवरा स्वतः असं कधी म्हणाला नव्हता. तो उलट पाऊस सरला की टॉर्च घेऊन आपले जुने जोड बघायला निघायचा, आणि माई दारातून ओरडायची, "निघाले बघा, दिल्या घरच्या लेकींना भेटायला."

तर त्या जुन्या केबलमधलं तेल कमी होऊ लागलं. रोज भरावं, रोज उतरावं. कुठे जातंय ते कळेना. मग कंपनीनं तेलात एक वासाचा पदार्थ मिसळला. माणसाच्या नाकाला तो लागत नाही. पण एक गाडी असते, ती केबलच्या रस्त्यानं गोगलगाईसारखी जाते, आणि जमिनीतून तो वास वर आला की तिच्यातलं यंत्र ओरडतं. यंत्र ओरडलं ते नेमकं धाकट्याच्या खड्ड्यापाशी.

धाकटा पाण्याच्या पाइपासाठी त्याच रस्त्यावर खोदाईचं मशीन चालवत होता. माती काढून केबल उघडी केली, तर तिच्या वरच्या सालीवर मशीनच्या दाताचा ओरखडा. तेलाचा मात्र थेंब नाही. साहेबानं विचारायच्या आतच धाकटा म्हणाला, ओरखडा माझाच. साहेबाला तेवढं पुरलं. वास आहे, ओरखडा आहे, खणणारा आहे. गळती असेल इथेच कुठेतरी खाली, पुढे खणू. धाकट्याला घरी बसवलं. सोमवारी वर कळवणार होते. मग मशीनचा परवाना गेला, आणि शिवाय खटला.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर माई धाकट्याला म्हणाली होती, "बापानं ती केबल पोरीसारखी कुरवाळली. तू तिला नांगरलीस." धाकटा भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून तो घरात बोलेनासा झाला होता, आणि शनिवारी सकाळी त्यानं बॅग भरायला काढली. परगावी मित्राकडे जातो, म्हणाला. कायमचा.

माई काहीतरी झणझणीत बोलणार, एवढ्यात फाटकापाशी ती वास घेणारी गाडी येऊन थांबली. आतली बाई धाकट्याला आणखी दोन गोष्टी विचारायला आली होती. यंत्र बंद करायला ती विसरली होती.

या गल्लीखालून केबल जात नाही. तरी माईच्या दारात यंत्र ओरडायला लागलं.

२

गाडीतल्या बाईला माईनं पहिल्याच दिवशी नाकवाली असं नाव ठेवलं होतं. शिकलेली, चष्म्याची, आणि बाराही महिने सर्दी. "स्वतःचं नाक चोंदलेलं, म्हणून यंत्र बाळगतेस होय," असं माई तिला म्हणाली होती, आणि नाकवाली शिंकता शिंकता हसली होती. आज ती हसत नव्हती. तिनं हळू आवाजात सांगितलं, की हे धाकट्याच्या अंगावर येणार. गळतीची जागा त्याला माहीत होती, त्यानं त्या तेलात हात घातले, आणि तरी लपवलं, असाच याचा अर्थ निघेल.

"माझे दोन मुलगे आहेत, एक सून आहे, आणि मी आहे," माई म्हणाली. "यातलं कोण, ते तुझ्या यंत्रालाच विचारू की. आत घेऊन ये."

नाकवालीकडे हातात धरायचं छोटं यंत्रही होतं. ते घेऊन ती घरभर फिरली आणि माई तिच्या मागे, झडती आपल्याच घराची आहे हे विसरून. धाकट्याच्या बुटांवर यंत्र गप्प. बॅगेवर गप्प. कामाच्या सदऱ्यावर, गादीवर, खोलीच्या चारही कोपऱ्यांत गप्प. धाकटा खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

स्वयंपाकघरात गप्प. मागच्या अंगणात मात्र नळाच्या मोरीवर यंत्रानं बोंब ठोकली. दोरीच्या टोकाला पुन्हा.

माईनं ते पाहिलं. बाहेरच्या नळावर कोणीही हात धुतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. आपला तो बाब्या असतोच.

परत फिरताना बैठकीच्या खोलीत यंत्र तिसऱ्यांदा ओरडलं. भिंतीवर नवऱ्याचा फोटो, फोटोखाली फळी, फळीवर पत्र्याचा चपटा डबा. त्यात त्याचं जोड फिरवायचं कापड. तो गेल्यावर माईनं ते आपल्या हातानं घडी करून ठेवलं होतं, आणि वर्षांमागून वर्षं ते झाडाच्या सालीसारखं वाळून कडक झालं होतं.

माईनं डबा उघडला. कापड मऊ होतं. तुकतुकीत, नव्या चरबीनं मळलेलं, आणि मध्यभागी ताज्या धातूचा करपट डाग.

नाकवालीनं यंत्र जवळ नेलं आणि लगेच बंद केलं, इतका त्याचा आवाज झाला.

"हा वास आम्ही तेलात मिसळला तो अलीकडे," ती म्हणाली. "म्हणजे त्यानंतर हे कापड गळतीपर्यंत जाऊन आलंय, माई. या डब्याला कोण हात लावतं?"

माईला आपल्या टाचा आणि खिडकीतली चरबीची वाटी आठवली. संध्याकाळपर्यंत साहेबाला काही कळवू नकोस, एवढंच तिनं मागितलं. नाकवालीनं ते कबूल केलं, कारण धाकट्याचे कोरडे बूट तिलाही सलत होते.

३

डबा माहीत असलेला आणखी एक माणूस होता. टाकीवाले भावोजी.

केबलला तेल पुरवणाऱ्या टाक्यांवर, तिथल्या काट्यांवर नजर ठेवायचं त्यांचं काम. नवऱ्याचे जुने जोडीदार. वर्षानुवर्षं रोज दुपारी माईकडे चहाला यायचे, नेमके त्या फळीखालच्या खुर्चीत बसायचे. तेलाची गळती सुरू झाली आणि हे यायचे बंद. निरोप नाही, काही नाही. माईनं दोनदा चहा उकळून ओतून दिला होता, आणि तिसऱ्यांदा त्यांच्या नावानं शिव्या दिल्या होत्या. आता तिला त्या न येण्याचा वेगळाच अर्थ दिसायला लागला. तेलात हात यांचेच. कापड यांना ठाऊक. जोड फिरवायला हेही शिकलेले. चोराच्या मनात चांदणं, म्हणून बसायची खुर्ची टाळतायत.

चप्पल घालून माई तडक त्यांच्या घरी गेली. भावोजी खिडकीत होते. तिला पाहताच त्यांनी दोन्ही हात वर केले.

"तिथेच थांबा, वहिनी. पायरी चढू नका."

माईचा पारा चढला. आयुष्यभर ज्याला चहा पाजला तो पायरीवरून परत पाठवतो? पाण्याचा पेला नाही, बसा नाही? तिनं खिडकीखाली उभं राहून त्यांचा उद्धार केला, शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या, तरी थांबली नाही. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की वासाचं तेल टाकीत ओततो तो मीच. आणि जो ते ओततो त्यानं शोध संपेपर्यंत केबलच्या रस्त्यावर पाय ठेवायचा नाही, कुणाच्या घरी जायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. एका थेंबाचा वास माणसाबरोबर गावभर फिरतो, आणि मग यंत्र भलत्याच ठिकाणी ओरडतं. आणि माईचं घर त्या केबलच्या रस्त्याच्या पलीकडे.

"माझे कपडेसुद्धा मी बायकोला धुऊ देत नाही," ते म्हणाले. "बाहेरच्या नळावर स्वतः धुतो. वेगळे वाळत घालतो."

हे तिनं पाहिलं होतं. रोज पाहत होती, रोज शिव्या देत होती.

मग तिनं विचारलं, की अशा माणसानं कुणाच्या खड्ड्याच्या काठावर बसून चार गप्पा मारल्या तर? भावोजी म्हणाले, तर यंत्र तिथे ओरडेल, आणि खाली गळती नसली तरी लोक खणत बसतील. मग ते तिच्याकडे बघत राहिले. धाकट्याच्या खड्ड्यात तेल निघालं नाही हे त्यांच्याही कानावर आलं होतं.

"आणखी एक सांगतो," ते म्हणाले. "मधे चार दिवस काटा जागचा हलला नाही. मला वाटलं, बुजली गळती. पण गळती काय आपोआप बुजते? कुणीतरी बुजवली. खाली तेल वाहत असताना वर धातू धरत नाही, पुन्हा सुटली. साहेबाला म्हटलं, केबलमधलं तेल एका जागी गोठवून बघा, कुठल्या बाजूचा दाब उतरतो ते कळेल. पण त्याला वीज बंद करावी लागते, आणि साहेबाला माणूस सापडलाय. वड्याचं तेल वांग्यावर निघालंय, वहिनी."

बोलताना खिडकीच्या गजावर ठेवलेला त्यांचा हात लटलट कापत होता. तो हात माईच्या ओळखीचा होता. तिच्या घरी अर्धा चहा नेहमी बशीत यायचा. या हातानं वितळलेला धातू फिरवणं शक्य नव्हतं.

मग उरलं कोण? धाकट्याला बापानं हा हुन्नर शिकवलाच नव्हता. त्याला धीर नाही, म्हणायचा.

४

सुनेला माईनं ओरडून नाही, पाटावर बसवून विचारलं; त्यानंच ती जास्त घाबरली. चरबी कुणी नेली? सून आधी म्हणाली, मी. कशाला? टाचांना. माईनं तिचा पाय ओढून बघितला. टाच आरशासारखी.

मग सून रडायला लागली. त्यांनीच मागितली होती, म्हणाली. कशाला ते सांगितलं नाही. कुणाला बोलू नकोस म्हणाले. माई तिला म्हणाली, तुझं काही चुकलं नाही, नवऱ्यानं सांगितलं ते ऐकलंस. आणि खरंतर सुनेला इतक्या मऊपणानं बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ असेल.

धाकटा बॅगेचा पट्टा आवळत होता. माईनं दारातूनच विचारलं, की खड्ड्यावर तुला भेटायला कोण येत होतं?

"कोण येणार? दादा यायचा, डबा घेऊन. काठावर बसायचा, मी जेवेपर्यंत." तो थांबला. "पूर्वी कधी आला नव्हता. मला बरं वाटायचं."

इतकंच बोलला. त्याला काही कळलं की नाही, ते माईला त्याच्या चेहऱ्यावरून वाचता आलं नाही. धाकट्याचा चेहरा वाचायची तिला सवयच नव्हती.

"ओरखडा माझा आहे," तो पुन्हा म्हणाला. "तेल माझं नाही. एवढं तुला पटलं तर पटलं."

त्याच वेळी बोलायला हवं होतं. पटलं रे, एवढा एक शब्द. पण माईला आधी सगळं हातात हवं होतं. अर्धवट खटल्याचा निकाल ती देत नसे, फौजदाराचा बाप होती ती या बाबतीत. जाऊ नकोस, मी येईपर्यंत थांब, असं हुकमाच्या सुरात सांगून ती बाहेर पडली आणि कोपऱ्यावर थांबलेल्या गाडीच्या काचेवर बोटं आपटली. या केबलच्या रस्त्यावर तुझी गाडी कुठे कुठे गेली नाही?

सगळीकडे गेली, नाकवाली म्हणाली. मग तिला आठवलं. एक जागा सोडून. रेल्वेपलीकडे एक बंद पडलेलं गोदाम आहे, त्याच्या आवारात केबलच्या एका जोडाचं चेंबर आहे, जमिनीत बांधलेली खोली, वर लोखंडी झाकण. भिंत आहे, फाटकाला कुलूप आहे, गाडी आत शिरत नाही. ते चेंबर कंपनीच्या माणसानं स्वतः उतरून बघितलं होतं आणि कोरडं आहे असं सांगितलं होतं.

"कुठल्या माणसानं?"

नाकवालीनं चष्मा काढून पुसला. तिला आता उत्तर द्यायचं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं.

"तुमच्या थोरल्यानं, माई."

५

फाटकाची दुसरी किल्ली कचेरीत होती. नाकवालीनं ती आणली, झाकण उचलायला दोन मजूर आणले. गोदामाच्या आवारात गवत गुडघाभर, आणि त्या गवतातून चेंबरपर्यंत एक ताजी पायवाट. एकाच माणसाच्या येण्याजाण्याची. झाकण सरकलं आणि हातातलं यंत्र असं किंचाळलं की मजुरांनी कानांवर हात ठेवले.

माई काठावर बसली. खाली उतरायचं तिचं वय नव्हतं. वाटेत येताना तिनं सगळं जुळवून ठेवलं होतं. थोरल्यानं हा जोड घाईत केला असणार, वाईट केला असणार; गळल्यावर नोकरी जाईल म्हणून भ्याला; लपूनछपून बुजवायला बघितलं. रागानं तिचे ओठ पांढरे पडले होते, पण त्या रागात एक सोयही होती. जोड बिघडवणारा मुलगा आपल्याला कळू शकतो.

नाकवाली दिवा घेऊन शिडीवरून उतरली. वर तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. खाली चिंध्यांचा ढीग आहे, म्हणाली. जोडाच्या कडेनं तेलाचा थेंब पडतोय, हळूहळू. वर नव्या धातूचं ठिगळ आहे, एका बाजूनं सुटलंय. केबल चालू असताना याच्यावर ज्योत धरली होती कुणीतरी. जरा इकडचं तिकडे झालं असतं तर तो माणूस वर आला नसता.

माईनं गवताची मूठ धरली.

"बाकी जोड जुना आहे," खालून आवाज आला. "हल्लीचा नाहीच. काय सुरेख गोल फिरवलाय, माई. नुसतं बघत राहावं. फक्त म्हातारा झालाय, कडेला तडा गेलाय. आणि शेवटाला शिशात अंगठा उमटवलाय, सहीसारखा. गंमत म्हणजे या अंगठ्याला नख नाहीये."

माईच्या मुठीतलं गवत मुळासकट उपटून आलं. दोन्ही मजूर एकमेकांकडे बघायला लागले.

तरुणपणी वितळलेला धातू सांडून नवऱ्याच्या उजव्या अंगठ्याचं नख गेलं होतं. ते परत कधी आलं नाही. त्या गुळगुळीत अंगठ्याला लग्नानंतर ती हसायची. मुलं तापानं फणफणली की तोच अंगठा त्यांच्या कपाळावरून फिरायचा.

म्हणजे जोड थोरल्याचा नव्हताच. जोड बापाचा होता. थोरला तपासायला उतरला, दिवा धरला, आणि त्याला तो अंगठा दिसला. वर येऊन काय सांगायचं होतं त्यानं? कुणाला? गल्लीच्या टोकापासून टोकापर्यंत जिचं वाक्य पाठ आहे, त्या आईला?

बापाच्या जोडाला बापाचंच कापड. दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं. पेटीत नवी साधनं असताना तो फळीवरचा डबा उतरवून गेला, चोरून, दिवसाढवळ्या, जेवणाच्या सुट्टीत. आणि तिथून तसाच, वास अंगावर घेऊन, भावाच्या खड्ड्याच्या काठावर जाऊन बसला. एकट्याला ते ओझं सहन होत नसेल. कदाचित सांगायलाच जात असेल.

सांगितलं मात्र नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माईच्या काखेत कळसा होता खरा, पण त्याला भोक तिनंच पाडलं होतं.

६

घरी आली तर धाकट्याची खोली रिकामी. दुपारच्या गाडीनं गेला, सून म्हणाली. थांबा म्हटलं, आई येतील. तर म्हणाला, आईला मी काही सांगायचं उरलं नाही. फोन बंद होता.

माईच्या खाटेवर एक पुडकं होतं. टाचांचं मलम. चरबी चोरीला जाते म्हणून ती महिनाभर घर डोक्यावर घेत होती. घरात बसवलेल्या मुलानं ते ऐकून तिच्यासाठी नवं आणून ठेवलं होतं. तिनं ते पुडकं उशाशी सरकवलं. उघडलं नाही.

ऊन कलताना थोरला आला. नेहमीसारखा मागच्या बाजूनं, थेट नळावर. बाह्या सारल्या, नळ सोडला. माई मागच्या दारातून पायऱ्या उतरून आली आणि तिनं नळ बंद केला. तिच्या दुसऱ्या हातात डबा होता.

थोरल्यानं डब्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले. सुटल्यासारखे.

तो खालच्या आवाजात बोलत गेला. दोन दिवसांत बुजवतो, कुणाला कळायचं नाही, असं वाटलं होतं. मग धाकट्याच्या खड्ड्यावर गाडी ओरडली. त्यात ओरखडा निघाला. म्हटलं, ओरखडा तर त्याचाच आहे, फार तर दमदाटी होईल. परवाना जाणार हे कळलं तेव्हा मागे फिरायची वाट राहिली नव्हती. रोज उद्या सांगतो म्हणत होतो. आणि शेवटी, मान वर न करता, "तू सगळ्यांना सांगत होतीस, आई. बाबांचा जोड कधी गळला नाही. मी कसं सांगू?"

दारात सून उभी होती. फाटकाबाहेर नाकवालीच्या गाडीचं इंजिन चालू होतं. माईनं हे सगळं ऐकलं, आणि ती बोलली तेव्हा तिचा आवाज गल्लीला ऐकू जाईल असा नव्हता. तो फक्त थोरल्यापुरता होता.

"जोड गळतो रे. माणसानं केलेला जोड कधी ना कधी गळतो. तुझ्या बापाला ते ठाऊक होतं, म्हणून तर तो टॉर्च घेऊन फिरायचा. बढाई त्याची नव्हती, माझी होती. ती मोडायची तुला भीती वाटली, त्यात माझा जो वाटा असेल तो माझ्यापाशी. पण तुझा वाटा तुझा. मेलेल्याची अब्रू झाकायला तू जित्या भावाची उघड्यावर टाकलीस. मेलेल्याला तिची गरज नव्हती. धाकट्यानं ओरखडा पाडला आणि विचारायच्या आत कबूल झाला. हुन्नर बापानं तुला दिला, पण बापाचा मुलगा तो निघाला, आणि ते आपल्या दोघांना कळेपर्यंत तो निघून गेला. आता साहेबासमोर उभा राहा आणि बापाचं नाव घेऊन सांग, जोड त्यांचा गळला आणि तोंड मी मिटलं. तिथून तसाच भावाकडे जा. तो आला तर आण. नाही आला तर त्याच्या दारात बस, मीही येते. चल. नाही, हात धुऊ नकोस. असाच चल."